पुण्याची शाखा

माणसं कशी टिकवावीत या विषयावर मी निवृत्तीनंतर पुष्कळ बोललो. पुण्यात कारखानदारांच्या बैठका असतात, व्यवस्थापन शिकवणारी कॉलेजं असतात, तिथे बोलावणं यायचं. मी चंदीगडचे किस्से सांगायचो, मुलं हसायची, शेवटी शाल आणि नारळ मिळायचा. त्या किश्शांमधून एक गोष्ट मी दर वेळी वगळत आलो. विसरलो म्हणून नव्हे. ती सांगितली तर बाकीच्या किश्शांना कोणी हसणार नाही, हे मला ठाऊक होतं. आता कोणी बोलवत नाही आणि शालींनी कपाट भरलं आहे. तेव्हा सांगून टाकतो.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. नोकरीसाठी चंदीगडला गेलो आणि उमेदीची सगळी वर्षं तिथेच राहिलो. औद्योगिक वसाहतीत प्रयोगशाळांची उपकरणं बनवणारा एक मध्यम कारखाना होता, त्याचा मी व्यवस्थापक. मालक पंजाबी, माझ्याहून बरेच मोठे. सगळा कारखाना त्यांना पापाजी म्हणायचा, मीसुद्धा. आमचा मुख्य माल म्हणजे इन्क्युबेटर. जिवाणू वाढवायचे तर ते रात्रंदिवस एकाच तापमानात ठेवावे लागतात, त्यासाठीची ती उबदार पेटी. विद्यापीठ, दवाखाने, सेक्टर ३९ मधली सरकारी संशोधन संस्था ही आमची गिऱ्हाइकं. सेक्टर १७ मध्ये एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आमचं लहानसं विक्री कार्यालय होतं. आठवड्यातले दोन दिवस मी तिथे बसायचो.

ती दहशतवादाची वर्षं होती. चंदीगड उरलेल्या पंजाबच्या मानाने शांत, तरी अंधार पडायच्या आत बसगाड्या विरळ व्हायच्या. नाक्यांवर वाळूची पोती आणि पोत्यांमागे बंदूकधारी जवान. आणि त्याच वेळी सेक्टर १७ च्या चौकात लोक आइस्क्रीम खात निवांत हिंडत असायचे. गावाकडच्यांना हे काही केल्या पटायचं नाही. त्यांच्या लेखी आम्ही गोळ्या चुकवत भाजी आणत होतो. ट्रंककॉल लागला की माझ्या आईचा पहिला प्रश्न, "सगळे नीट आहात ना रे?" आणि दुसरा, "मग परत कधी येतोयस?"

हा दुसरा प्रश्न माझ्या प्रत्येक इंजिनिअरच्या आईच्या तोंडी होता. नवा मुलगा चांगला तयार व्हायला तीन वर्षं लागतात. तयार झाला की तो एक तर कॅनडाला जायचा, नाही तर दिल्लीला. पगार वाढवून पाहिला, पण आमचा पगार वाढून वाढून किती वाढणार? मग मी माझी पद्धत काढली. त्या काळात गॅसचं कनेक्शन मिळायला वर्षानुवर्षं लागत. स्कूटरलाही नंबर लावावा लागे. टेलिफोनचं तर विचारूच नका. मी माणसाच्या नंबरामागे लागायचो. ओळखीपाळखी काढायचो, कार्यालयांमध्ये खेटे घालायचो. गॅस आला की माणूस दोन वर्षं हलत नाही, स्कूटर आली की तीन. सेक्टर २२ मध्ये बरी खोली मिळवून दिली आणि घरमालकीण प्रेमळ निघाली, तर आणखी एक.

माझी बायको म्हणायची, "तुम्ही माणसं टिकवता की लोणचं?"

"दोन्हीला हवा लागू द्यायची नाही," मी म्हणायचो. त्या वेळी हे उत्तर मला फार चतुर वाटायचं.

आमच्याकडे सोलापूरकडचा एक तरुण इंजिनिअर होता. अंगाने काटकुळा, बोलायला कमी, पण हातात जादू. परदेशी पेट्यांच्या तोडीचा तापमान नियंत्रक त्याने आमच्या गळक्या शेडमध्ये बसून बनवला. पापाजी त्याच्याकडे बघून खूश व्हायचे आणि माझ्याकडे बघून दम द्यायचे, "मुंडा हत्थों नहीं निकलना चाहिदा!" म्हणजे पोरगा हातचा जाता कामा नये. त्याला गॅस झाला होता, स्कूटर झाली होती. उरलं होतं ते लग्न.

आणि एके दिवशी सेक्टर १७ च्या कार्यालयात एक मुलगी भांडायला आली.

विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. पंजाबी ड्रेस, खांद्याला कापडी पिशवी, आल्या आल्या टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाली, "आपकी मशीन बत्ती आने पे पागल हो जाती है."

मी तिला बसायला सांगितलं आणि कारखान्यात फोन लावून आमच्या इंजिनिअरला मराठीत म्हणालो, "लगेच इकडे ये बाबा, एक तक्रार आलीय आणि ती मला झेपणारी नाही."

ती एकदम हसली. "काका, तुम्ही मराठी? फिर तो और अच्छे से लढ सकते है."

वडील लष्करात, मूळचे नागपूरकडचे. हिचं बालपण महू, झाशी, अंबाला असं हिंडण्यात गेलेलं. मराठी समजायची छान, पण बोलताना अर्ध्या वाक्यावर हिंदीत उतरायची. इंजिनिअर स्कूटरवरून धापा टाकत आला, तेव्हा तिने त्याला सांगितलं की वीज जाते तेव्हा तिचे जिवाणू मरत नाहीत, वीज परत येते तेव्हा मरतात. पेटी थंड झालेली असते, ती घाईने तापते आणि तापण्याच्या भरात पुढे जाते. "मैंने बैठ के देखा है," ती म्हणाली. "तुमचा नियंत्रक घाबरट आहे. सर्दी वाटली की रजईत घुसतो."

आमच्या इंजिनिअरने खिशातला कागद काढून दोन आकडे मांडले. मग म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." तेवढंच. पण त्यानंतर महिनाभर तो दर दोन दिवसांनी विद्यापीठात जायचा. पेटी दुरुस्त करायला म्हणून जायचा आणि परत आला की नियंत्रकाच्या नव्या आराखड्याबद्दल बोलताना त्याच्या वाक्यांत 'त्या म्हणाल्या' असं यायला लागलं. नवा नियंत्रक तयार झाला तो दोघांच्या डोक्यातून. पुढे कित्येक वर्षं आमचा कारखाना त्याच मालावर चालला. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. ती किती हुशार आहे हे मला त्या महिन्यातच कळलं होतं. पण ती आमच्या पगारावर नव्हती, म्हणून टिकवायच्या माणसांत मी तिला धरलंच नाही.

मराठी मंडळींच्या गणपतीत तिच्या वडिलांची गाठ पडली. मी विषय काढला. ते म्हणाले, "मुलगा उत्तम आहे, मी पाहतोय ना. पण मी पुढच्या वर्षी निवृत्त होऊन पुण्याला जाणार. आणि हिला पुण्याच्या प्रयोगशाळेत संशोधनाला जागा मिळाली आहे. तिथले सर फार मोठे आहेत. इथे राहणाऱ्या मुलाला कशी देऊ?"

पापाजी त्या दिवसांत अधूनमधून म्हणायचे की पुण्याला आपली एखादी शाखा काढावी. जेवण झाल्यावर लोक जसं काशीला जायचं म्हणतात, तसं. मी ते बोलणं उचललं आणि तिच्या वडिलांपुढे ठेवलं. म्हणालो, "दोन वर्षांत पुण्याला शाखा निघतेय. ती सांभाळायला दुसरं कोण आहे आमच्याकडे? हाच जाणार." लग्न जुळवणारे थोडं वाढवून सांगतातच. मुलाला माळ्यावरची एक खोली असते, ती मध्यस्थ दोन मजले म्हणून सांगतो. मला तेव्हा तसंच काहीसं वाटलं.

वडील तयार झाले, पण मुलीने मला गाठलंच. आमच्या घरी हळदीकुंकवाला आली होती. बायका आत होत्या. ही बाहेरच्या खोलीत माझ्यासमोर येऊन बसली.

"काका, दोन वर्षं म्हणजे दोन ना? सर म्हणालेत, दो साल रुकेंगे. त्याहून जास्त ते नाही थांबणार."

"दोन म्हणजे दोन."

"पक्का?"

"पक्का," मी म्हणालो. ती उठली, वाकून नमस्कार केला आणि आत निघून गेली.

लग्न झालं. सेक्टर २२ मध्ये बाजाराच्या मागे वरच्या मजल्यावर त्यांनी बिऱ्हाड मांडलं. त्यानंतरची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात भरलेली वर्षं आहेत, हे इथे सांगायला हवं. आम्हाला मूलबाळ नाही. त्या दोघांचं घर हे आमचं दुसरं घर झालं आणि आमचं त्यांचं. दर रविवारी दुपारचं जेवण आमच्याकडे. सोलापूरहून त्याची आई शेंगदाण्याची चटणी पाठवायची. ती डब्यात कमी आणि आमच्या इंजिनिअरच्या पोटात जास्त उरायची. माझी बायको तिला भाकरी थापायला शिकवत होती. तिची भाकरी कधी गोल झाली नाही. "काकू, हा राजस्थान झाला बघा," असं म्हणून ती तव्यावर टाकायची. पुढची वाढताना, "घ्या काका, बिहार."

एका रविवारी जेवणं चालू असताना बाहेर जीपवरून भोंगा ऐकू आला. शहरात संचारबंदी लागली होती. कुठे काय झालं ते शेजाऱ्यांच्या रेडिओवर कळलं. तिने उठून खिडक्या लावल्या. ते दोघं त्या रात्री आमच्याकडेच राहिले, दुसऱ्या दिवशीही. घरात दूध नव्हतं, भाजी नव्हती. डाळीचं पीठ होतं, तर चारी वेळा पिठलं झालं. आम्ही पत्ते खेळलो. माझी बायको पत्त्यांत बेमालूम फसवायची आणि पकडली गेली की म्हणायची, "आमच्यात असंच खेळतात." इंजिनिअर आमचा बिघडलेला रेडिओ उघडून बसला. ती त्याला स्क्रू देत होती आणि मधेच म्हणाली, "संचारबंदी आणखी एक दिवस राहिली तर मिक्सर पण दुरुस्त होईल." बाहेर शहर बंद, आणि आत मी इतका सुखी होतो की मला त्याची लाज वाटली. पलंगावर पडल्या पडल्या मनात आलं, ही दोघं इथून जायला नकोत. कारखान्याचा विचार त्यात नव्हता. तो मी नंतर जोडला.

त्या मधल्या काळात तिने पुण्याच्या सरांना मुदत मागितली होती आणि त्यांनी दिली होती. रिकामी बसण्यापेक्षा काही करावं म्हणून ती सेक्टर ३९ च्या संस्थेतही जाऊन आली. तिथे एका प्रकल्पावर काम होतंही. पण जिवाणू काही पाच वाजता घरी जात नाहीत. संध्याकाळी, उशिरा त्यांच्याकडे बघावं लागतं, आणि संध्याकाळीच तर शहर बंद व्हायचं. बस नाही, रिक्षा नाही. रोज नवऱ्याने कामावरून तिला आणायला जायचं तर नाक्यावरच्या तपासणीत तासभर. तिने ते सोडलं. "कोई बात नहीं," म्हणाली, "पुण्यात बत्ती पण जात नाही इतकी."

मग ती हिवाळ्यातली दुपार आली. कारखान्याच्या मागच्या हिरवळीवर पापाजी उन्हात खुर्ची टाकून मुळा खात बसले होते. तिखटमीठ लावून मुळा खाणं हा त्यांचा हिवाळ्यातला व्रतस्थ कार्यक्रम. त्यांनी मला बोलावलं. त्यांचे लुधियान्याचे मेहुणे धमकी आल्यामुळे घरदार घेऊन दिल्लीला निघून गेले होते. पापाजी त्या दिवशी थकलेले दिसले.

"बैठो जी," ते म्हणाले. "सोच रहा हूँ, थोड़ा काम बाहर ले चलते हैं. पुणे में शेड देख लिया है मेरे दोस्त ने. तुहाडे मुंडे नूँ भेज दें? तुसी दस्सो."

तुमच्या पोराला पाठवू का, तुम्ही सांगा. वर्षं-दोन वर्षं जे मी स्वतःच्या पदरचं सांगत होतो, ते आता खरं होऊन समोर आलं होतं. मी फक्त 'हो जी' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "पापाजी, त्याला पुण्याला पाठवाल तर सहा महिन्यांत तो दुसऱ्याचा होईल. तिथे गल्लोगल्ली कारखाने आहेत. इथे त्याला आपल्याशिवाय आहे कोण?"

पापाजींनी मुळ्याचा एक तुकडा मला दिला. विचार करत म्हणाले, "गल तां ठीक है." बोलणं खरं आहे. आणि खरंच, व्यवस्थापक म्हणून ते बिनचूक होतं. आजही व्याख्यानात कोणी विचारलं असतं तर मी तेच उत्तर दिलं असतं. पापाजींनी पुढे दिल्लीजवळ एक छोटी शेड घेतली, तिथे दुसऱ्याला पाठवलं, आणि पुण्याची शाखा तिथेच मिटली.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं ती खूश होईल, तीही त्या पोरीवर जीव टाकायची. ती भाजी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "तिला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? हा कंपनीचा प्रश्न."

"लग्नाच्या वेळी बरा तो तिचा होता."

मी चिडलो. म्हणालो, इथे काय वाईट चाललंय त्यांचं? बायको परत भाजी निवडायला लागली. त्या रविवारी जेवताना मीच विषय काढला. ताटाकडे बघत म्हणालो, "पुण्याचं काही जमत नाहीये. पापाजींचा विचार बदलला."

इंजिनिअरने मान हलवली. त्याला इथलं काम आवडत होतं, त्याला फारसं काही वाटलं नाही. त्याची बायको माझ्या ताटात फुलका वाढत होती. तिचा हात मधेच थांबला. मग तिने फुलका वाढला, वर तूप सोडलं आणि म्हणाली, "कोई बात नहीं, काका. तुमचा काय दोष?" माझी बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही.

तिने पुण्याला नकार कळवला. त्याच वर्षी तिला मुलगी झाली. पुढे मुलगी जरा मोठी झाल्यावर ती एका शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागली.

आणि यापुढचं सगळं चांगलंच आहे. हीच तर माझी अडचण झाली. कारखाना वाढला, आमचा इंजिनिअर तांत्रिक प्रमुख झाला, पापाजींच्या मुलांनी त्याला भागीदारीत घेतलं. हळूहळू शहरातली वाळूची पोती उचलली गेली. लोक रात्री उशिरापर्यंत फिरायला लागले. त्यांनी पंचकुल्याला घर बांधलं. ती शाळेत इतकी लाडकी की बाजारात तिच्याबरोबर चालणं मुश्कील, पावलोपावली कोणी तरी पायाला हात लावणार. शाळेच्या एका कोपऱ्यात तिने मुलांसाठी प्रयोगशाळा उभी केली. तिच्यात आमच्याकडची एक जुनी पेटी होती. "घाबरट रजईवाली," ती मुलांना सांगायची. नवराबायकोचं भांडण मी कधी पाहिलं नाही. मुलीला मराठीतून बोललेलं समजायचं आणि ती हिंदीतून उत्तर द्यायची, थेट आईसारखी. अशा भरल्या घरात जाऊन माफी कशाची मागायची? सुखात असलेल्या माणसाला तुझं मी नुकसान केलं म्हणून सांगायचं, तर आधी ते सुख खोटं ठरवावं लागतं. तसं ते नव्हतंच.

दोनतीनदा मी तयारी केली. एकदा त्यांच्या घराच्या वास्तुशांतीला. मी म्हणालो, "पोरी, पुण्याचं ते..." तर ती म्हणाली, "काका, तुम्ही नसता तर हे घरच नसतं," आणि माझ्या हातात पुरणपोळीची वाटी ठेवली, दुधासकट. एकदा फोनवर, तर तिने नवऱ्याला हाक मारून फोन दिला. त्याच्यासमोर बोलणं आणखी अवघड. त्याचंही आयुष्य मी त्याला न विचारता ठरवलं होतं, आणि तो मला देव मानत होता.

निवृत्त झाल्यावर आम्ही कुठे आलो? पुण्याला. बायकोची बहीण इथे होती, हवा चांगली, दवाखाने जवळ. घर घेतलं त्या दिवशी बायको गच्चीवर उभी राहून म्हणाली, "तिला आणायचं सोडून आपणच आलो की हो." नंतर आजारपणात ती मला एकच सांगत राहिली, "एकदा तिला सांगा. काय म्हणायचं ते ती म्हणेल." मी हो म्हणत राहिलो. बायको गेली. आता हे ठाऊक असलेला मी एकटा.

गेल्या वर्षी त्यांच्या एका भाचीच्या लग्नाला ती दोघं पुण्याला आली, मलाही बोलावणं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर आमचा इंजिनिअर, आता तोही पिकलेला, मंगल कार्यालयातल्या गादीवर आडवा झाला. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, रिक्षा करू या? एक जागा बघायची आहे."

रिक्षा तिने त्या प्रयोगशाळेच्या फाटकापाशी थांबवली. ती लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत पुण्याला कितीदा तरी येऊन गेली होती, पण तिकडे कधी गेली नव्हती. जुनी दगडी इमारत, शेजारी नवी काचेची. पहारेकरी बाहेर आला. "कोणाकडे जायचंय, आजी?"

"किसी के पास नहीं, भैया. बस देखना था."

ती गजांना धरून उभी राहिली. पहिल्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली, "सरांनी ती जागा दाखवली होती मला. खिडकीजवळची. लग्नाच्या आधी पप्पांबरोबर आले होते ना, तेव्हा." मग हसून म्हणाली, "तिथे बसले असते तर माझ्या शाळेतल्या बंदरांना कोणी शिकवलं असतं?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"ते पण खरं आहे." ती अजून वरच बघत होती. "पर काका, एक बार बैठ के देखना था."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या लग्नात जाऊनही गोड पदार्थ चाखायचा राहिला, असं माणूस म्हणतो तसं ती म्हणाली. मी तिच्या शेजारी उभा होतो. नवरा जवळ नव्हता, घर नव्हतं, ताट नव्हतं, पोळीची वाटी नव्हती. आयुष्यभर शोधून अशी वेळ सापडली नसती. बायकोचे शब्द कानात होते. मी तोंड उघडलं.

"ऊन फार आहे," मी म्हणालो. "उसाचा रस घेऊ या का?"

"चला," ती म्हणाली. रस्त्यापलीकडे रसवंती होती. आम्ही बाकावर शेजारी बसून रस प्यायलो. तिने बर्फ कमी घालायला सांगितला, माझ्या घशासाठी. पैसे मला देऊ दिले नाहीत. मग आम्ही परत लग्नाच्या कार्यालयात गेलो.

ती हे वाचेल अशी फारशी आशा नाही. तिची शाळा हिंदी-इंग्रजीत झाली, मराठी तिला वाचायला जड जातं. मी हे मराठीत लिहितो आहे, यातही माझा जुना स्वभाव असेल. पण त्या बाकावर, रसाचा पेला हातात असताना, मला जे बोलायचं होतं ते फार थोडं होतं.

पोरी, पापाजींचा विचार कधीच बदलला नव्हता. ते तुम्हाला पुण्याला पाठवायला तयार होते, मी नको म्हणालो. कारखान्यासाठी म्हणालो, आणि माझ्यासाठी म्हणालो. तुला विचारलं नाही. तू म्हणालीस, तुमचा काय दोष. दोष माझाच होता. मला क्षमा कर.